पोलादाचा पोत: रणगाड्यांच्या प्रतिकृतींवरील खडबडीतपणाचा इतिहास आणि तंत्र

रणगाड्याची लहान प्रतिकृती तयार करताना आकार, तोफेची लांबी, चाकांची संख्या आणि रंगसंगती यांकडे बहुतेकांचे लक्ष असते. पृष्ठभागाचा पोत मात्र शेवटी आठवतो, किंवा आठवतच नाही. प्लास्टिकच्या संचातील भाग साच्यातून बाहेर पडतात तेव्हा सहसा गुळगुळीत असतात. खऱ्या रणगाड्याचे चिलखत तसे क्वचितच असते. ओतीव पोलादावर वाळूच्या साच्याची खरखर असते, लाटलेल्या पत्र्याच्या कडांवर कापणाऱ्या ज्योतीचे ओरखडे असतात, सांध्यांवर वेल्डिंगचे वळ उठलेले असतात, आणि काही रणगाड्यांवर तर गिलाव्यासारखा लेप चढवलेला असतो.

हा खडबडीतपणा शोभेसाठी नसतो. तो पाहून गाडी कोणत्या कारखान्यात, साधारण कोणत्या काळात आणि कोणत्या पद्धतीने तयार झाली, हे अनेकदा सांगता येते. म्हणूनच प्रतिकृतीवर पोत देणे म्हणजे त्या गाडीच्या इतिहासाविषयी एक विधान करणे होय. पोत चुकला तर रंग कितीही सुरेख असला तरी ते विधान खोटे ठरते.

प्रमाणाचे गणित

रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १/३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. त्याची सुरुवात काहीशी योगायोगाने झाली. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात या हिशेबाने त्याचा आकार ठरला, आणि तो मूळ गाडीच्या सुमारे पस्तिसाव्या भागाइतका भरला. पुढे इतर कंपन्यांनीही हेच प्रमाण स्वीकारले. याखेरीज १/४८ आणि १/७२ ही प्रमाणेही प्रचलित आहेत.

पोताचा विचार या आकड्यापासून सुरू करावा लागतो. खऱ्या रणगाड्यावरील ३५ मिलिमीटर म्हणजे १/३५ प्रतिकृतीवर १ मिलिमीटर. टी-३४ च्या दर्शनी चिलखताची जाडी ४५ मिलिमीटर होती. प्रतिकृतीत ती सुमारे १.३ मिलिमीटर होते. वेल्डिंगचा सांधा १५ मिलिमीटर रुंद धरला, तर तो ०.४३ मिलिमीटर भरतो. ओतीव बुरुजावरील २ मिलिमीटर उंचीचा उंचवटा ०.०६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाच्या जाडीइतका. १/७२ मध्ये तो त्याच्याही निम्मा होतो.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली, गणिताने तंतोतंत बरोबर असलेला पोत रंगाच्या दोन थरांखाली बुजून जाऊ शकतो. त्यामुळे थोडी अतिशयोक्ती अपरिहार्य असते. दुसरी, ही अतिशयोक्ती हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटरचे खड्डे दिसत असतील, तर मूळ गाडीवर ते पावणेदोन सेंटिमीटरचे होते असा त्याचा अर्थ होतो. बोटाला जाणवेल पण हातभर अंतरावरून जेमतेम दिसेल, इतपत पोत सामान्यतः योग्य मानावा.

लाटलेले पोलाद, ओतीव पोलाद

चिलखत तयार करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत तापलेले पोलाद रुळांमधून लाटून त्याचा पत्रा करतात, तो कापतात आणि तुकडे वेल्डिंगने किंवा रिव्हेटने जोडतात. दुसरीत वितळलेले पोलाद वाळूच्या साच्यात ओतून पूर्ण भाग एकसंध काढतात. लाटलेल्या पत्र्याचा मधला भाग बराचसा सपाट असतो. खुणा दिसतात त्या कडांवर आणि सांध्यांवर. ओतीव भागावर मात्र सर्वत्र बारीक खरखर असते, कोपरे गोलसर असतात आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक रेघ उमटते.

एकाच रणगाड्यात या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी आढळतात, आणि हौशी कारागिरांची पहिली फसगत येथेच होते. जर्मन टायगरचे चिलखत मुख्यतः लाटलेल्या जाड पत्र्यांचे होते. त्याच्या बुरुजाची बाजूही एकच पत्रा घोड्याच्या नालाच्या आकारात वाकवून केलेली होती. तोफेच्या बुंध्याभोवतीची ढाल मात्र ओतीव होती. त्यामुळे टायगरच्या संपूर्ण बुरुजावर ओतीव पोलादाची खरखर दाखवणे चुकीचे ठरते. ती त्या ढालीपुरतीच शोभते.

अमेरिकन शर्मनमध्ये हा भेद आणखी ठळक आहे. शर्मनचे अनेक उपप्रकार निघाले. त्यांपैकी एम-४-ए-१ चा वरचा सांगाडा ओतीव होता, म्हणून त्याचे कोपरे गोलाकार दिसतात. एम-४-ए-३ चा सांगाडा पत्रे जोडून केलेला होता, म्हणून तो कोनदार दिसतो. बुरूज आणि नाकाडावरचे गिअरपेटीचे झाकण मात्र दोहोंतही ओतीव होते. एम-४-ए-३ ची प्रतिकृती करताना नाकाडावर आणि बुरुजावर खरखर हवी, बाजूंच्या पत्र्यांवर नको. अमेरिकन ओतकाम तुलनेने एकसारखे आणि नीटनेटके होते. त्यावर ओतशाळेची मुद्रा व भागाचे क्रमांक उठावदार अक्षरांत असत. प्रतिकृतीवर ही अक्षरे आली की ती पाहणाऱ्याला ओतीव भाग कोणता हे वेगळे सांगावे लागत नाही.

टी-३४: घाईच्या खुणा

पोत आणि इतिहास यांचे नाते सर्वांत स्पष्टपणे दिसते ते सोव्हिएत टी-३४ मध्ये. १९४१ मध्ये जर्मन आक्रमणानंतर खारकीव्हचा १८३ क्रमांकाचा कारखाना उरल पर्वताकडे, निझ्नी तागील येथे हलवण्यात आला. यंत्रे रेल्वेने नेली गेली. अनुभवी कामगारांची उणीव होती, आणि सोव्हिएत युद्धकारखान्यांत स्त्रिया व किशोरवयीन मुले मोठ्या संख्येने कामाला लागली. आघाडीवर रणगाडे तातडीने हवे होते. अशा वेळी संरक्षणावर किंवा तोफेच्या कामावर परिणाम न करणारे प्रत्येक घासकाम आणि पॉलिश वगळले गेले. १९४२ च्या षट्कोनी ओतीव बुरुजांवर म्हणूनच वाळूची खरखर, साच्याची जाड रेघ आणि ज्योतीने कापून टाकलेल्या ओतमुखांचे व्रण राहिले. हा निष्काळजीपणा नव्हता. वेळ कोठे खर्च करायचा याचा तो निर्णय होता.

तरीही प्रत्येक टी-३४ चा बुरूज खडबडीत असावा असे नाही. उरलमाश कारखान्याने १९४२ च्या उत्तरार्धापासून जाड पत्रा प्रचंड दाबयंत्रात दाबून बुरूज तयार केले. हे बुरूज ओतीव नव्हते. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडा मऊ वळणाच्या होत्या. संचात असा बुरूज असेल आणि त्यावर कोणी मेहनतीने खरखर आणली, तर ती मेहनत गाडीला तिच्या खऱ्या कारखान्यापासून तोडते. टी-३४ चा खालचा सांगाडा लाटलेल्या पत्र्यांचा होता. त्यावर ठळक दिसायला हवेत ते ओबडधोबड वेल्डिंगचे वळ आणि कापलेल्या कडा.

झिमेरिट: चिलखतावरचा गिलावा

पोताच्या चर्चेत ज्याचे नाव हमखास निघते, ते झिमेरिट. हा जर्मन रणगाड्यांवर चढवलेला, चुंबकाला प्रतिकार करणारा लेप. जर्मनीने स्वतः चुंबकाने चिकटणारा स्फोटक सुरुंग तयार केला होता. सैनिकाने जवळ जाऊन तो रणगाड्यावर चिकटवायचा आणि दूर पळायचे, अशी त्याची रीत. शत्रूही असेच अस्त्र वापरील या भीतीने हा लेप आला. मित्रराष्ट्रांनी मात्र असे सुरुंग मोठ्या प्रमाणावर वापरलेच नाहीत.

झिमेरिटमध्ये चुंबकीय असे काही नव्हते. चुंबक आणि पोलाद यांच्यात काही मिलिमीटरचे अंतर राखणे, एवढेच त्याचे काम. म्हणूनच त्यावर खाचा आणि कंगोरे काढत. त्यामुळे लेपाचे वजन फार न वाढता अंतर वाढे. बेरियम सल्फेट, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पिवळ्या मातीचे रंगद्रव्य, झिंक सल्फाइड आणि लाकडाचा भुसा यांपासून ही लुकणी तयार होई. प्राथमिक रंग दिलेल्या पोलादावर ती थापीने दोन थरांत लावत, वरच्या थरावर फणीसारख्या हत्याराने रेघा ओढत आणि ब्लो टॉर्चच्या ज्योतीने ती कडक करत. त्यावर नेहमीचा रंग चढे.

लेपाचा काळ अगदी मर्यादित आहे. १९४३ च्या उत्तरार्धात कारखान्यांत तो लावण्यास सुरुवात झाली आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद करण्यात आला. तोफगोळा लागल्यावर लेप पेट घेतो, अशी बातमी पसरली होती. चाचण्यांत ती खरी ठरली नाही, पण लेप पुन्हा सुरू झाला नाही. या तारखा प्रतिकृतीसाठी निर्णायक आहेत. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला आणि आज इंग्लंडमधील बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात असलेला टायगर १३१ हा लेपाच्या आधीचा आहे. बेल्जियममधील ला ग्लेझ गावात उभा असलेला किंग टायगर २१३ डिसेंबर १९४४ च्या आर्देन लढाईतील आहे. तो लेप बंद झाल्यावर तयार झाला. या दोन्हींवर झिमेरिट नाही. फ्रान्समधील सोम्यूरच्या संग्रहालयातील किंग टायगरवर मात्र ते पाहायला मिळते.

नक्षीही कारखान्यागणिक बदले. टायगरवर आडव्या बारीक कंगोऱ्यांची नक्षी होती. बर्लिनच्या आल्केट कारखान्यातील श्टुग-३ या तोफगाड्यांवर मोठ्या चौकटींची जाळी दिसते. पँथर अनेक कारखान्यांत तयार होत असल्यामुळे त्याच्यावर आडव्या कंगोऱ्यांपासून लहान चौकोनांपर्यंत निरनिराळ्या नक्ष्या आढळतात. दुसऱ्याच कारखान्याची नक्षी उचलून एखाद्या गाडीवर चढवली, तर जाणकाराच्या ते लगेच लक्षात येते.

लेप सर्वत्र नसे, हेही ध्यानात ठेवावे. सैनिकाचा हात पोहोचेल अशा उभ्या आणि तिरप्या भागांवर तो असे. चाके, पट्टे आणि सुटी अवजारे त्यातून वगळलेली असत. वापरात असताना तो कडांवरून आणि ठोकर लागणाऱ्या जागांवरून खपलीसारखा निघे, आणि खाली लालसर तपकिरी प्राथमिक रंग उघडा पडे.

भारतीय रणगाड्यांचे उदाहरण

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण सेंच्युरियनचे आहे. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रेजिमेंटकडे हे रणगाडे होते. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याच लढाईत १६ डिसेंबर रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्यांचा ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन अहिल्यानगर येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. सेंच्युरियनचा बुरूज ओतीव, त्याचे छप्पर पत्र्याचे आणि सांगाडा वेल्ड केलेल्या पत्र्यांचा. बुरुजाच्या बाजूंवर सामानाच्या पेट्या असल्यामुळे ओतीव पृष्ठभाग अधूनमधूनच दिसतो. पेट्यांचा पातळ पत्रा मात्र गुळगुळीत, फार तर ठोकर लागून चेपलेला असतो.

पाकिस्तानच्या ताफ्यातील पॅटन रणगाड्यांपैकी एम-४८ चा बुरूज आणि सांगाडा दोन्ही ओतीव होते. म्हणून त्याच्या प्रतिकृतीवर खरखर जवळजवळ सर्वत्र येते. याउलट, व्हिकर्सच्या आराखड्यावरून आवडी येथे बनवलेला विजयंता हा लाटलेल्या पत्र्यांचा, वेल्डिंगने जोडलेला रणगाडा. तीन रणगाडे एका फळीवर ठेवले आणि तिघांनाही सारखाच पोत दिला, तर तीन देशांच्या तीन बांधणीपद्धतींतील फरक पुसला जातो. अहिल्यानगरमध्येच १९९४ मध्ये सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. हे तिन्ही रणगाडे तेथे जवळून पाहता येतात.

पोत देण्याच्या पद्धती

ओतीव पृष्ठभागासाठी सर्वांत सोपी रीत लिक्विड सिमेंटची. प्लास्टिक जोडण्याचे हे पातळ द्रावण पृष्ठभागावर लावले की प्लास्टिक क्षणभर मऊ होते. त्याच वेळी जुन्या, आखूड केसांच्या ब्रशने किंवा टूथब्रशने उभे टोचे मारले की बारीक खरखर उठते. दुसऱ्या रीतीत प्लास्टिक पुटी थिनरमध्ये दाट साईइतकी पातळ करतात, किंवा बाटलीत मिळणारा घट्ट सरफेसर घेतात, आणि तो ब्रशने टोचून लावतात. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून टोके कमी करतात. ही शेवटची पायरी गाळली की बुरूज संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागतो. उठावदार क्रमांकांसाठी संचाच्या चौकटीवरील छोटे आकडे धारदार पात्याने कापून चिकटवता येतात. त्यासाठीचे तयार पत्रकही बाजारात मिळते.

लाटलेल्या पत्र्याला फारच थोडे काम लागते. मधल्या भागावर पॉलिश पेपरचा एखादा हात पुरतो. कडांवर पात्याच्या धारेने जवळजवळ उभ्या, किंचित असमान रेघा ओढल्या की ज्योतीने कापल्याचा भास होतो. वेल्डिंगसाठी संचाच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून ताणतात. त्यातून निघालेला केसासारखा तंतू सांध्यात बसवून त्यावर लिक्विड सिमेंट लावतात आणि मऊ झाल्यावर पात्याच्या टोकाने जवळजवळ खुणा दाबतात. त्याऐवजी इपॉक्सी पुटीची बारीक वळकटी वापरली तरी चालते.

झिमेरिटसाठी दोन घटक मळून तयार होणारी इपॉक्सी पुटी उत्तम. ती टाल्कम पावडर टाकून लाटावी, जितकी पातळ होईल तितकी करावी, पृष्ठभागावर बसवावी आणि ओल्या बोटाने सारखी करावी. मग बारीक दात्यांच्या करवतीचा छोटा तुकडा फणीसारखा ओढून कंगोरे काढावेत. यासाठी खास पातीही मिळतात. एका वेळी एकच बाजू घेतल्यास पुटी घट्ट होण्याआधी काम पुरे होते. कंगोरे यंत्राने आखल्यासारखे सरळ नसावेत. मूळ काम माणसाच्या हाताचे होते, प्रत्येक पट्ट्यात थोडा फरक होता. पुटी अर्धवट कडक झाली की कडांवरचे तुकडे पात्याने उचलून पडझड दाखवता येते. साच्यातच नक्षी असलेले संच आणि रेझिनचे तयार पत्रेही मिळतात. मात्र त्यांची नक्षी निवडलेल्या गाडीच्या कारखान्याची आहे का, हे तपासावे लागते.

आधुनिक रणगाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेच्या एब्रम्सवर आणि इस्रायलच्या मर्काव्हावर सैनिकांचे पाय घसरू नयेत म्हणून वरच्या भागांना कणीदार लेप देतात. हा लेप चालण्याच्या जागी असतो. जाळ्या, काचा, बिजागऱ्या आणि हलणारे भाग त्यातून सुटतात. प्रतिकृतीवर या जागा चिकटपट्टीने झाकून बाकीच्या भागावर कणीदार रंग टोचून लावतात.

कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत एक अडचण येते. भर पावसाळ्यात लॅकरवर आधारित सरफेसर किंवा रंग फवारल्यास त्यावर पांढुरकी झाक चढते. पाऊस उघडलेला असताना, कोरड्या खोलीत, पातळ थरांत काम करणे श्रेयस्कर. लिक्विड सिमेंट आणि थिनर यांची वाफ कोंडलेल्या खोलीत घेऊ नये. कडक झालेली पुटी किंवा रेझिन घासताना तोंडावर मास्क असावा, आणि कच्ची पुटी हातमोजे घालून मळावी.

पुरावा वाचताना

पोत ठरवण्यापूर्वी गाडीचा उपप्रकार, कारखाना आणि काळ निश्चित करावा, आणि त्या काळची छायाचित्रे पाहावीत. तिरप्या उन्हात काढलेल्या छायाचित्रात पोत स्पष्ट दिसतो. ढगाळ हवेतील छायाचित्रात तीच गाडी गुळगुळीत भासते. संग्रहालयातील रणगाडा हा मोलाचा पुरावा असला, तरी तो आंधळेपणाने स्वीकारू नये. उघड्यावर दशकानुदशके उभ्या असलेल्या गाडीवर गंजाचे खड्डे पडतात, आणि ते ओतीव पोलादाची खरखर म्हणून नकलले जातात. उलट, रंगाच्या अनेक थरांखाली मूळ खरखर बुजते. जीर्णोद्धारात वाळूच्या फवाऱ्याने जुने थर काढताना मूळ लेपही निघून जाऊ शकतो, आणि काही गाड्यांवरील झिमेरिट हे अलीकडे नव्याने लावलेले असते.

रंगकामातही संयम लागतो. पोत दिलेल्या भागावर पातळ गडद रंगाचा एक ओघळ आणि कोरड्या ब्रशचा एक हलका हात पुरतो. याहून अधिक केल्यास पोत उठून दिसण्याऐवजी गाडीच्या आकारावर मात करतो. रंग देण्याआधी एकदा प्राथमिक रंगाचा थर देऊन प्रतिकृती दिव्याच्या तिरप्या प्रकाशात फिरवून पाहावी. कमी पडलेला पोत त्या वेळी वाढवता येतो आणि जास्त झालेला घासता येतो. अंतिम रंग चढल्यावर यांपैकी काहीही नीट करता येत नाही.